‘आणायला उशीर झाला’ : हा उशीर नेमका होतो कुठे?

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात तासभर बसलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं. “आणायला फार उशीर केलात हो.” डॉक्टर ते रागानं म्हणतात असंही नाही, बहुतेकदा थकून म्हणतात. समोरचा माणूस मान खाली घालतो, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसतो आणि गावी गेल्यावर चार जणांना तेच सांगतो, “न्यायला उशीर झाला.”

उशीर कुणामुळे झाला, हे दोघंही विचारत नाहीत. ‘केलात’ म्हटलं की दोष घरच्यांचा, ‘झाला’ म्हटलं की नशिबाचा. पण तोच उशीर घड्याळ लावून मांडला, तर त्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचा धनी वेगळा निघतो. गरीब, आदिवासी, भटक्या किंवा स्थलांतर करणाऱ्या लोकांच्या वाट्याला हे तुकडे जास्त का येतात, ते उलगडून सांगायचा हा प्रयत्न आहे.

आधी शरीराचं घड्याळ पाहू. बाळंतपणाचंच उदाहरण घेतो, कारण त्यावर सर्वात जास्त अभ्यास झाला आहे. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला आणि काहीच उपचार मिळाले नाहीत, तर सरासरी २ तासांत बाई दगावते. बाळंतपणाआधीचा रक्तस्राव साधारण १२ तासांची मुदत देतो. गर्भाशय फाटलं तर १ दिवस. रक्तदाब वाढून झटके आले तर २ दिवस. बाळ अडलं तर ३ दिवस, जंतुसंसर्ग झाला तर ६. हे सरासरीचे आकडे आहेत, प्रत्येकीला लागू पडतीलच असं नाही. पण यातून एक गोष्ट कळते : बहुतेक संकटांत वेळ असतो. तो वापरला जात नाही, किंवा वापरू दिला जात नाही.

आणि हे घड्याळ सगळ्यांसाठी सारख्या वेगानं चालत नाही. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात पुरेसं रक्त नाही. हिमोग्लोबिन बारा असलेली बाई जेवढा रक्तस्राव सोसते, तेवढा सहा असलेली सोसू शकत नाही. तिचे दोन तास दोन तास राहत नाहीत. तिचं हिमोग्लोबिन सहा असण्याची आणि तिच्या घरापासून डांबरी रस्ता लांब असण्याची कारणंही बरीचशी एकच असतात. वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत प्रॅक्टिस करणारे डॉक्टर ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ मध्ये याला एक नाव दिलं होतं. मराठीत त्याला ‘उलटा नियम’ म्हणता येईल : जिथे उपचारांची गरज जास्त, तिथे चांगले उपचार मिळण्याची शक्यता कमी.

१९९४ मध्ये सेरीन थडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातून हा उशीर तीन भागांत मांडला. दवाखान्यात जायचं हे ठरवण्यात गेलेला वेळ, तिथे पोचण्यात गेलेला वेळ आणि पोचल्यावर प्रत्यक्ष उपचार सुरू होईपर्यंतचा वेळ. मांडणी इतकी साधी, की यात नवीन ते काय असं वाटावं. पण आज आपल्याकडे जिल्ह्यात एखादी बाई बाळंतपणात दगावली की तिच्या मृत्यूचं अन्वेषण होतं, आणि त्यात उशीर या तिन्हींपैकी कुठे झाला, तेही तपासलं जातं.

अंगावर काढणं

पहिल्या उशिरासाठी मराठीत तयार शब्दप्रयोग आहे, ‘अंगावर काढणं’. ताप अंगावर काढला, दुखणं अंगावर काढलं. शहरातले सुशिक्षित लोक हा शब्द वापरतात तेव्हा त्यात हटकून ‘अडाणीपणा’ची छटा असते. मला ती खटकते.

बीडच्या ऊसतोड मजुरांचं घ्या. दिवाळीच्या आगेमागे घर सोडायचं आणि पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर राहायचं. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फेडायची असते. एक दिवस काम चुकलं की खाडा, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंडही बसतो. बायकोला अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय. सुरुवातीला साध्या औषधांनी बरा होणारा संसर्ग असतो. पण दवाखान्यात जायचं म्हणजे दोघांचा खाडा, कारण अर्धा कोयता चालत नाही. मग ती अंगावर काढते. एक हंगाम जातो, दुसरा जातो. शेवटी कुणीतरी सांगतं, पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या समितीसाठी बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. उशिराचा हा एक विचित्र प्रकार आहे. साधा उपचार वेळेवर मिळाला नाही, आणि मोठा उपचार, गरज असो-नसो, चटकन मिळाला.

यात अडाणीपणा कुठे आहे? ती बाई हिशेब पक्का करते. फक्त तिच्या हिशेबात खाड्याची रक्कम आजची आणि नक्की असते, आणि आजाराचं नुकसान उद्याचं आणि अंदाजाचं.

मेळघाटात हिशेब निराळा. धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांत कोरकू लोकांची वस्ती आहे. पोर आजारी पडलं की आधी भूमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूकडे न्यायचं. पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापलेल्या सळईचे चटके द्यायचे, त्याला ‘डंबा’ म्हणतात. ते वाचून आपल्या अंगावर काटा येतो, यावा असंच आहे ते. पण भूमका गावात राहतो, रात्री दोनला उठतो, कोरकूत बोलतो आणि केसपेपर मागत नाही. त्याच्या तुलनेत दवाखाना कसा दिसतो, याचाही विचार करायला हवा.

भाषेचा मुद्दा आपण मराठी भाषक फार हलक्यानं घेतो. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथाळी-मुंडारीची नातलग. गडचिरोलीतली माडिया द्रविड कुळातली. मराठीशी यांचं रक्ताचं नातंच नाही. “कळा किती वेळानं येतात? पाणी गेलं का? किती वाजता गेलं?” असे प्रश्न सिस्टर भराभर विचारते, समोरची पहिलटकरीण नुसती मान हलवते, आणि ती मान ‘हो’ म्हणून कागदावर उतरते. असं एकदा झालं की गावात निरोप जातो, तिथे आपलं ऐकत नाहीत. पुढच्या बाळंतपणाला त्या घरातून निघायला आणखी चार तास लागतात. म्हणजे पहिला उशीर पुष्कळदा मागच्या वेळच्या तिसऱ्या उशिरातून जन्मलेला असतो.

कधी कधी तर दवाखान्यात जायला हवं, हे कळायलाच वाव नसतो. मण्यार हा साप रात्री चावतो, बहुतेकदा जमिनीवर झोपलेल्या माणसाला, आणि चावलेलं पुष्कळदा कळतसुद्धा नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं, रात्रीचं जेवण बाधलं. खाटेवर, मच्छरदाणीत झोपणाऱ्या माणसाला हा धोका खूप कमी. भारतातल्या सर्पदंशाच्या मृत्यूंवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात वर्षाला सुमारे ४६ हजार मृत्यूंचा अंदाज होता. त्यातले ९७ टक्के खेड्यांतले, आणि दवाखान्यात झालेले मृत्यू जेमतेम २३ टक्के. उरलेले घरी, नाहीतर वाटेत.

वाट

दुसरा उशीर सगळ्यांना दिसतो, कारण त्याचे फोटो येतात. पावसाळा लागला की वर्तमानपत्रात एक चित्र ठरलेलं : बांबूला चादर बांधून केलेली झोळी, आत गरोदर बाई, दोन्ही टोकांना माणसं आणि खाली गुडघाभर चिखल. नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगाव भागात या झोळीला ‘बांबूलन्स’ असं नाव पडलं आहे. विनोद कुणाला सुचला ठाऊक नाही, पण तो झोळी वाहणाऱ्यांचाच असावा. नर्मदेच्या फुगवट्यात बुडालेल्या भागातले पाडे तर असे, की तिथे डॉक्टर बोटीतून जातात. सरकारनं तरंगता दवाखानाच ठेवला आहे.

कागदावर डोंगरी आणि आदिवासी भागाला जास्त दिलं आहे. सपाटीवर ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी-आदिवासी भागात २० हजारांमागे एक. उपकेंद्राचा निकष ५ हजारांऐवजी ३ हजार. ठीक आहे, पण हे माप डोक्यांचं आहे, अंतराचं नाही. गडचिरोलीतल्या भामरागडसारख्या तालुक्यात २० हजार माणसं इतक्या जंगलात विखुरलेली असतात, की निकष पाळूनही केंद्र दिवसभराच्या चालीवर राहू शकतं. त्यात पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी, आणि तालुक्याचं गावच बाहेरच्या जगापासून तुटलेलं.

१०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ मध्ये सुरू झाली, ९३७ गाड्यांनिशी. तिनं जीव वाचवले यात शंका नाही. पण ती बोलवायला रेंज लागते, पत्ता सांगता यावा लागतो आणि गाडी येईल एवढा रस्ता लागतो. पाड्यावर यातलं एकही गृहीत धरता येत नाही. म्हणून बाईला आधी झोळीतून डांबरीपर्यंत आणायचं, मग फोन.

शहरात अंतर नसतं, तिथे उशीर वेळापत्रकातून येतो. दवाखाना दोन किलोमीटरवर, पण बाह्यरुग्ण विभाग सकाळचा, आणि सकाळ म्हणजे घरकामाची, नाक्यावर उभं राहण्याची, भाजीच्या गाडीची वेळ. मुंबईत २०२२ मध्ये सुरू झालेले ‘आपला दवाखाना’ रात्री दहापर्यंत उघडे ठेवले, हे मला रस्ता बांधण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

फाटकाच्या आत

तिसऱ्या उशिराचा फोटो निघत नाही. माणूस दवाखान्यात पोचला, आता काळजी मिटली असं आपण धरून चालतो.

प्राथमिक केंद्रात रक्त नाही, सिझरची सोय नाही. म्हणून ‘पुढे न्या’. ग्रामीण रुग्णालयात शल्यचिकित्सक आहे पण भूलतज्ज्ञ रजेवर. पुढे न्या. उपजिल्हा रुग्णालयात दोघेही आहेत, पण त्या गटाचं रक्त नाही. पुढे न्या. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, अर्धा रस्ता घाटाचा. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, नव्यानं हकीकत, नव्यानं तपासणी. शेवटच्या दवाखान्यातला डॉक्टर जेव्हा म्हणतो, ‘आणायला उशीर केलात’, तेव्हा त्याच्या हातातल्या कागदावर फक्त तिथे आल्याची वेळ असते. घरून निघाल्याची वेळ कुठल्याच केसपेपरवर नसते.

आणि मग वागणुकीचा भाग. काही वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी माझ्या कामासाठी मी दवाखान्यात बसलो होतो. बाकावर सोळा-सतरा वर्षांचा मुलगा गुडघे पोटाशी घेऊन आडवा पडलेला. बाप उभा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं सिकलसेलचं कार्ड. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि रक्त न पोचलेल्या हाडांत अशी कळ उठते की मोठा माणूसही ओरडतो. हा मुलगा ओरडत नव्हता, फक्त बाकाचा लोखंडी पाय हातानं धरून होता. खिडकीतून उत्तर आलं, ओपीडी संपली, चारला या. बापानं कार्ड पुढे केलं. “हो, माहीत आहे, हे नेहमीचंच आहे यांचं.” त्यानंतर पांढऱ्या कपड्यातले एक गृहस्थ फोन कानाला लावूनच आले, बोटाला कापलं होतं, आणि सरळ आत गेले. त्यांच्यासाठी दार उघडलं तेव्हा बाप दाराशी एक पाऊल सरकला आणि परत मागे आला. मुलाला सुई मिळाली तेव्हा मी घड्याळ पाहिलं होतं, दोन तास चाळीस मिनिटं झाली होती.

त्या दवाखान्यात वाईट माणसं भरली होती असं मला म्हणायचं नाही. सिस्टर सकाळपासून एकटी होती. पण माणसं कमी आणि गर्दी जास्त असते तेव्हा कुणाला थांबवायचं हे कुणीतरी ठरवतंच, आणि न ठरवता ठरतं ते नेहमी एकाच बाजूनं. रक्तदाब यंत्रावर दिसतो, साखर पट्टीवर दिसते. वेदना मोजायचं यंत्र नाही, ती सांगणाऱ्याच्या शब्दावर मानावी लागते. कुणाचा शब्द मानायचा, हा प्रश्न मग वैद्यकाचा राहत नाही.

हे आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत सिकलसेलचे सुमारे १ लाख रुग्ण आहेत, बहुतेक कृष्णवर्णीय. तिथली २०१४ची मार्गदर्शक सूचना सांगते, असा रुग्ण आला की तासाभरात वेदनाशामक द्या. त्याआधीच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तातडीच्या विभागात सिकलसेलच्या रुग्णांना इतरांपेक्षा २५ टक्के जास्त वेळ थांबावं लागतं, असं दिसलं होतं. तिथेही संशय तोच, औषधासाठी नाटक करतात. आपल्याकडे हा आजार भिल्ल, पावरा, गोंड, माडिया अशा जमातींत आणि विदर्भात काही दलित समाजांत जास्त दिसतो. दोन देश, दोन भाषा, आणि बाकावर बसवून ठेवलेला माणूस मात्र उतरंडीच्या त्याच पायरीवरचा.

कधी कधी तर यंत्रही तीच चूक करतं. कोरोनात आपण सगळ्यांनी बोटाला लावलेला तो ऑक्सिमीटर प्रकाश त्वचेतून पार करून मोजमाप करतो. मिशिगनच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये दाखवलं, की यंत्रावर आकडा बरा दिसत असताना रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात कमी असल्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे १२ टक्के आणि गोऱ्यांत ४ टक्क्यांच्या आत होतं. आकडा ठीक, म्हणून ‘थांबा’. इथे कुणी जाणूनबुजून भेदभाव केलेला नाही, आणि तरी उशीर ठराविक लोकांनाच.

हे सगळं सरासरीत दिसत नाही. २०१८ ते २०च्या आकडेवारीत महाराष्ट्रात १ लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते, देशात ९७. कौतुकाचीच गोष्ट. पण हा राज्याचा आकडा आहे, त्यात पुणे आणि भामरागड एकाच ताटात वाढलेले असतात. देशपातळीवरच्या कुटुंब आरोग्य पाहणीत समाजगटांनुसार आकडे मिळतात. २०१९ ते २१ची पाहणी म्हणते, पाच वर्षांच्या आत दगावणारी मुलं देशात हजारी सुमारे ४२, आदिवासींमध्ये ५०.

उशीर कापायचा तर

एक मार्ग म्हणजे वाटच काढून टाकायची. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९०च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायकांना तयार केलं. बाळ जन्मताच वजन, ऊब, श्वास पाहायचा, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची आणि गरज पडली तर घरीच प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायचं. नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी घटले. नर्सनं नव्हे, आरोग्यदूतानं सुई द्यायची यावर डॉक्टरमंडळींत खूप चर्चा झाली. पण २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी सहा-सात वेळा जातात, तो कार्यक्रम याच कामातून आला (इंजेक्शनचा भाग वगळून). गावातल्याच त्या बाईला गावाची भाषा येते, हे कुठल्याही मोजमापात धरलेलं नाही. माझ्या मते निम्मं यश तिथेच आहे. मेळघाटात आरोग्य खात्यानं भूमकांना शत्रू न मानता प्रशिक्षण दिलं आणि पेशंट दवाखान्यात आणला तर मानधन ठेवलं, तेही याच जातीचं शहाणपण.

दुसरा मार्ग, वाट आधीच चालून ठेवायची. आदिवासी जिल्ह्यांत आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘माहेरघर’ नावाची खोली असते. दिवस भरत आले की बाईनं चार-पाच दिवस आधीच येऊन राहायचं, सोबत घरचं एक माणूस आणि लहान पोर असलं तरी चालतं, जेवण तिथेच. कल्पना उत्तम. एका माहेरघरात मी गेलो तेव्हा चार खाटांपैकी एकच भरलेली होती. बाई दोन दिवसांपूर्वी आली होती आणि पिशवी भरून दारात उभी होती. सिस्टर तिला परोपरीनं सांगत होती, आता कधीही होशील, थांब. बाईचं म्हणणं एवढंच, की भाताची रोवणी सुरू झाली आहे, नवरा दिवसभर शेतात असतो आणि शेळ्या सोडायला घरी कुणी नाही. सिस्टरनं थोडा वेळ विचार केला, मग गावच्या आशाताईला फोन लावला आणि विचारलं, “बाई, चार दिवस हिच्या शेळ्या तुझ्यात बांधशील का?”